तीन श्रावणांचे रोट

आमच्या गावात आबा खोकले की कुत्री भुंकायची थांबत. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना आग्रा रोडपासून कोसभर आत आमचं गाव. तरी तो खोकला सडकेवर ऐकू जाई आणि ट्रकवाले उगाच ब्रेक दाबत. यातलं निम्मं तुम्ही कमी करून घ्या. उरलेलं निम्मंही पुष्कळ आहे. आबा आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांत थोरले आणि जातीच्या पंचांचे म्होरके. कोणाची सोयरीक कुठं व्हावी, कोणी कोणाच्या मयताला जावं, कोणाच्या दारचं पाणी प्यावं, हे सगळं त्यांच्या ओट्यावर ठरे. हा अधिकार त्यांना कोणी दिला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळं तो काढून कोणी घ्यायचा हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या माणसाचा मी चार वर्षं द्वेष केला. काही लोक दुधावर जगतात, काही भाकरीवर. मी त्या द्वेषावर जगलो आणि अंगानं चांगला भरलो. कारण सांगायचं तर कानबाईपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या खान्देशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. बाकीच्या सणांना पाहुणा आला तर घर आनंदतं, या सणाला दचकतं. कारण कानबाईचे रोट, म्हणजे आमच्याकडं पुरण भरलेल्या जाड पोळ्या, ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. गहू घेतानाच मोजणी होते. कुळात पाळण्यातल्यापासून काठी टेकणाऱ्यापर्यंत जितके पुरुष, तितक्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ, आणि मूठ थोरल्याच्या हाताची. मोजणी चुकली तर देवी कोपते. रोट उरले तर परक्याला देता येत नाहीत, गुराकुत्र्याला घालता येत नाहीत. पुनवेच्या आत कुळानंच पोटात घालून संपवायचे. आमच्या कुळाची कानबाई एकच, आबांच्या घरी. सगळी पंगत तिथंच.

सत्तेचाळीसच्या श्रावणात, धुळ्याला झेंडा लागून दहा-बारा दिवस झाले असतील, माझी थोरली बहीण, अक्का, चाळीसगावकडच्या तिच्या सासरहून पायी घरी आली. नवऱ्यानं दुसरी करून आणली होती आणि दोन वर्षं अक्काला गोठ्यात झोपवलं होतं. किती दिवस चालली ते तिनं सांगितलं नाही. तिच्या टाचा बघून आईनं विचारलंही नाही. अक्का मुळातच हळू. बोलणं हळू, चालणं हळू, जेवणं तर इतकं हळू की लहानपणी ती जेवायला बसली की मी शेतात जाऊन, मार खाऊन परत येई, तरी तिची पहिली भाकरी संपलेली नसे.

त्या रविवारी ती आईसोबत बायकांच्या पंगतीला बसली. आबा तुपाचं भांडं घेऊन फिरत होते. अक्कासमोर आले आणि थांबले. तिच्या तोंडात घास होता.

"दिधेल पोर परका कुळनी शे," आबा म्हणाले. "आपला रोट तिना तोंडम्हा कसा? थुक ते."

शे-सव्वाशे माणसं. चूल सोडून सगळं थांबलेलं. अक्कानं आईकडं पाहिलं, आईनं जमिनीकडं. अक्कानं घास हातावर काढला आणि हात तसाच पुढं धरून उभी राहिली, कुठं टाकायचा ते न कळून. आबांनीच बोट दाखवलं, दाराबाहेर.

मी तेव्हा वीस वर्षांचा, अंगानं रेड्यासारखा, आणि मी जागचा हललो नाही. हे मी कोणाला सांगत नाही. माझ्या तोंडातला घास मी गिळला, तेही लिहून ठेवतो.

मग आबांनी नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हुकूम सोडला की पोरीला उद्याच्या उद्या सासरी पोचवायची. नानांनी उभ्या जन्मात तीनदा 'नाही' म्हटलं असेल. त्यातलं एक त्या दिवशी वापरलं.

"पोर मन्ही शे. ती कोठेच जाई नही."

सोमवारी सकाळी कानबाईचं विसर्जन झालं आणि संध्याकाळी ओट्यावर आमचं. पंचांनी आम्हाला वाळीत टाकलं. आमच्या दारात जातीतल्या कोणी यायचं नाही, आम्हाला कोणी बोलवायचं नाही, आमच्याशी विस्तव-पाण्याचा व्यवहार नाही. आबांनी खोकून शिक्कामोर्तब केलं.

वाळीत पडलेलं घर बाहेरून इतरांसारखंच दिसतं. आत मात्र आवाज कमी होत जातात. आधी शेजारणीची हाक बंद झाली, मग जात्यावर आईसोबत बसणारी चुलती बंद झाली. न्हाव्याला आबांचा धाक; त्यानं नानांची दाढी करणं सोडलं आणि ती एवढी वाढली की पुढच्या उन्हाळ्यात तीत चिमणीनं घरटं केलं असतं, नाना खोकत नसते तर. माझी दोनदा ठरत आलेली सोयरीक मोडली. दुसऱ्या वेळी तर मुलीकडचे गावात येऊन, आबांच्या ओट्यावर चहा पिऊन तिथूनच परतले. अक्कानं गोड खाणं सोडलं. एकदाच ती मला म्हणाली, चूल सारवता सारवता, माझ्याकडं न बघता, "भाऊ, तेस्नी काढी दिधं. आठे मूठ नही. मंग मी कोना कुळनी रे?"

सासरनं काढून दिलेली, आणि इथं तिच्या नावची मूठ नाही. मी धुळ्याला निघून गेलो.

धुळ्यात कोर्टाच्या व्हरांड्यात मी अर्जनवीस झालो, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा. अक्षर माझं असं होतं की माझा अर्ज वाचून साहेब आधी खुर्चीवरून उठत आणि मग रडत. तिथं एक म्हातारे वकील माझ्या शेजारी सावलीला बसत. एक दिवस ते म्हणाले, "तुमच्या पंचांची मजा संपली की रे. मुंबई सरकारनं कायदा केलाय. जातीतून कोणाला बाहेर काढणं आता चालत नाही. काढलं तरी ते रद्द. जो काढेल तो कोर्टात उभा."

मी विचारलं, "रद्द म्हणजे नेमकं काय?"

"रद्द म्हणजे ते कधी झालंच नाही असं धरायचं."

असं धरायचं! मी तीन दिवस ते शब्द चघळत फिरलो. नानांची दाढी झाली नाही असं धरायचं. ओट्यावरून परतलेली बैलगाडी परतली नाही असं धरायचं. अक्का हात पुढं धरून उभी राहिली नव्हती असं धरायचं. सरकारचं धरणं फार सोपं असतं, त्याला हात लागत नाही.

चौथ्या दिवशी मी वकिलांना म्हटलं, "साहेब, आता आम्ही आबांना वाळीत टाकतो. गावातले निम्मे लोक माझ्या बाजूनं आणतो. त्याच्या दारात कुत्रंही जाणार नाही असं करतो."

ते इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. "अरे, कायदा सगळ्यांना. टाकशील तर तूच आत जाशील."

म्हणजे बघा. ज्या कायद्यानं आबांचा अधिकार काढून घेतला, त्यानंच जाता जाता माझा सूडही उचलून खिशात टाकला. तीन वर्षं मनात धार लावून ठेवलेलं हत्यार, आणि ते काढायच्या दिवशी त्यावर बंदी. त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्यासारख्यानं जेवण सोडणं म्हणजे काय, ते माझ्या खानावळवाल्याला विचारा. त्यानं त्या दिवशी दुकान सजवलं.

तरी मी कायद्याची नक्कल उतरून घेतली. सात पानं, माझ्या सगळ्यांत ठसठशीत अक्षरात. खाली माझ्या अर्जांवर मी जो तारखेचा शिक्का मारी तो मारला. त्या शिक्क्याला कायद्यात कवडीची किंमत नव्हती, पण तो गोल होता आणि जांभळा होता. आमच्या गावात गोल आणि जांभळ्या गोष्टीपुढं माणूस चप्पल काढतो.

वाळीत पडल्यापासूनचे तीन श्रावण आमच्या मुठींविना गेले होते. चौथ्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या शनिवारी, मी गावात शिरलो. आबांच्या घरी सगळी भाऊबंदकी जमलेली, गहू निवडून सुपात घातलेले, मुठी मोजायची तयारी. मी ओट्याखाली उभा राहून सातही पानं वाचून काढली. आबा मधे खोकले. कुत्री थांबली, मी थांबलो नाही. शेवटी मी जांभळा शिक्का सगळ्यांना फिरवून दाखवला.

आबा काही मूर्ख नव्हते. त्यांनी पुतण्याला सायकलवर धुळ्याला पिटाळलं, त्यांच्या वकिलाकडं. पुतण्या तिसऱ्या प्रहरी घामानं निथळत परत आला आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलला. आबांनी मिशीवर हात फिरवला, धोतरावरची न पडलेली धूळ झटकली आणि म्हणाले,

"बरं. काढं वाळीतमाईन. उद्यापाईन या बठ्ठा जन. काय शे त्याम्हा?"

एवढंच. वाळीतून काढलं, उद्यापासून सगळे या. जणू दारातली बाज उचलून आत ठेवली. लोक माना डोलावून उठायला लागले, चुलतभाऊ माझ्या पाठीवर थाप मारायला पुढं आले. माझी अपेक्षा होती की आबांचा चेहरा पडेल, आवाज फुटेल, निदान मिशीचं एक टोक तरी खाली येईल. काही नाही. अधिकार गेला होता, पण सोडून देतानाही ते देणगी दिल्यासारखं सोडत होते.

तेव्हा मला सुचलं. हे मी आधीपासून ठरवून आलो होतो असं मी पुढं वीस वर्षं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या क्षणी, आबांनी झटकलेल्या त्या धुळीकडं बघून सुचलं.

"आबा, काढलं म्हणून भागत नाही," मी म्हटलं. "कायदा म्हणतो, ते कधी झालंच नाही. मग आम्ही तिन्ही वर्षं कुळातच होतो. कुळात होतो तर आमच्या मुठी धरायला हव्या होत्या. तुम्ही धरल्या नाहीत. म्हणजे तिन्ही वर्षांची मोजणी चुकली. कानबाई तीन श्रावण उपाशी बसलीय."

आत स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून परात पडली.

सगळे परातीच्या आवाजाकडं वळले. मग एक चुलता हळूच म्हणाला, "म्हनीसन मन्हा बैल मरना का?" दुसऱ्याला त्याच्या कपाशीवरची कीड आठवली. तिसऱ्याच्या सुनेला तीन वर्षांत मूल नव्हतं, चौथ्याची विहीर आटली होती. पाचव्याला काहीच झालं नव्हतं, त्याला फारच भीती वाटली, कारण त्याचं अजून व्हायचं होतं. पाचच मिनिटांत गावातलं तीन वर्षांचं सगळं दुखणं-खुपणं आबांच्या ओट्यावर येऊन बसलं. लोक आबांकडं ज्या नजरेनं बघायला लागले, ती नजर मी तोवर फक्त आमच्यावर रोखलेली पाहिली होती.

आबा म्हणाले, "मुंबईना कायदा देवीले काय लागू शे?"

"देवी कुठं राहते, आबा? खान्देशात. खान्देश कुठं आहे? मुंबई राज्यात."

माझ्या आयुष्यात मी कुठल्याच अर्जात इतका चांगला मुद्दा मांडला नाही. वकिली केली असती तर न्यायाधीश झालो असतो.

भाऊबंदकीनंच निकाल दिला. चुकलेले तीन श्रावण आणि हा चौथा, चारींच्या मुठी आत्ता, एका दमात भरायच्या. नाना आणि मी धरून कुळात एकसष्ट पुरुष. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं, या भानगडीत मी शिरलो नाही. सगळ्यांना चारदा धरलं. एकसष्टांच्या सव्वा-सव्वा मुठी, चार वेळा. तीनशे पाच मुठी, आणि त्या थोरल्याच्या हाताच्या.

आबांनी पहिली मूठ ताठ बसून भरली. पन्नासाव्या मुठीला टोपी काढली. शंभराव्या मुठीला ते हात झटकायला लागले, दोनशेला बोटं वळेनात; दोघा पुतण्यांनी त्यांचं मनगट खालून धरलं. प्रत्येक मुठीचं नाव मी मोठ्यानं पुकारत होतो, बारशाला पुकारावं तसं. ज्या हाताचं बोट दाराकडं उठलं होतं, तो हात सुपात वर-खाली होताना बघून मला जे सुख झालं, ते माझ्या लग्नातही झालं नाही. बायकोला हे माहीत आहे.

तीनशे पाच झाल्या. आबांनी उसासा टाकून हात मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "एक राहिली."

"कोनी?"

"अक्काची."

आबांच्या मिशीचं टोक आत्ता हललं. "बाईनी मूठ? कोन्ही धरी नही आजपावत. हाऊ अधिकार मन्हा शे, आनि मी धरावू नही."

इथं माझा कायदा संपला होता. जांभळ्या शिक्क्यात बाईच्या मुठीबद्दल अक्षर नव्हतं, कुळाच्या चालीतही नव्हतं. चुलते जमिनीकडं बघायला लागले. आपला बैल, आपली विहीर सुटली, पुढचं आमचं आम्ही बघावं. बातमी ऐकून आईसोबत आलेली अक्का दाराच्या चौकटीबाहेर उभी होती, आईच्या मागं. तीनशे पाच मुठींचा ढीग तिनं बघितला होता. त्यात ती कुठंच नव्हती. तिनं पदर सावरला आणि घराकडं वळली.

तेवढ्यात आबांच्या बायको, ज्यांना आम्ही मोठीमाय म्हणत असू, आतून आल्या. चाळीस वर्षांत त्यांचा आवाज ओट्यावर कोणी ऐकला नव्हता. त्या मुक्या आहेत असं आमच्यातली लहान पोरं खरंच समजत. त्या आबांसमोर बसल्या, त्यांचं मनगट धरलं, तो सुजलेला हात उचलला आणि गव्हात घातला.

"घाला," त्या म्हणाल्या. "देवी भी बाईच शे."

आबा खोकायला गेले. नुसतंच घसा खरवडल्यासारखं झालं. बाहेर एक कुत्रं भुंकलं आणि भुंकतच राहिलं. मोठीमायनं हाताची मूठ वळवली, वर उचलली, ढिगावर सोडली. मग पाव मूठ, कारण सव्वा म्हणजे सव्वा. नाव पुकारायला मी तोंड उघडलं, तोवर उशीर झाला होता. ते मोठीमायनंच पुकारलं.

दुसऱ्या दिवशी रोट झाले. किती झाले म्हणाल तर धुळ्याच्या बाजारातल्या पोत्यांच्या थप्प्या आठवा. खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वेगळी. आणि पुनवेच्या आत हे सगळं एका कुळानं संपवायचं. पुढचा आठवडा आमचे पुरुष गावातून असे चालत होते की जणू सगळ्यांना एकदमच दिवस गेले आहेत. एका चुलत्याला वाकून चप्पल घालता येईना म्हणून तो आठ दिवस अनवाणी फिरला.

पण मला सांगायचा तो रविवारच. आमच्यात पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. ज्यांच्या नावची मूठ, ते पुरुषांच्या पंगतीला. आता अक्काच्या नावची मूठ होती. कोणी काही बोलायच्या आत मोठीमायनं पुरुषांच्या पंगतीत, आबांच्या बरोबर समोर, तिच्यासाठी पाट मांडला. अक्का आली आणि बसली. तिच्यासमोर रोट वाढला गेला. आबांनी ताटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं नाही.

आणि आमची रीत अशी की थोरल्यानं तूप वाढून बसायचं आणि पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय उठायचं नाही. तो त्याआधी उठला तर नैवेद्य मोडला.

मी आबांना खाऊ घालून फोडायचं ठरवलं होतं. आग्रह करकरून त्यांच्या ताटात रोट लोटायचे, असे माझे बेत. पण अक्कानं पहिला घास तोडला आणि मला माझ्या बेतांची लाज वाटली, इतके ते पोरकट होते.

तिनं घास तोंडात घातला आणि ती चावत राहिली. चारी बाजूंनी. पंगत निम्मी झाली. तिनं दुसरा घास घेतला. पंगत संपली, लोक पाणी प्याले, त्यांनी ढेकर दिले, एकमेकांकडं पाहिलं. तिचा अर्धा रोट व्हायचा होता. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. लोकांनी मांड्या बदलल्या. आबांना मांडी बदलता येईना, गुडघा आखडला होता. ते एक हात जमिनीला टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांच्या कपाळावरून घाम वाहून मिशीत शिरत होता. अक्का न थांबता, न घाई करता जेवत होती. चार वर्षांनी तिच्या जिभेवर गूळ आला होता आणि तिला तो सगळा लागत होता.

गुरं घरी यायची वेळ झाली. तिनं पहिला रोट संपवला. आबांनी डोळे उघडले आणि उठण्यासाठी हात टेकला.

अक्कानं मान वर केली. त्या चारी वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली, आणि माझ्या आठवणीत शेवटचंही.

"बठा, आबा. मन्हं आजून व्हयनं नही."

मग तिनं मोठीमायकडं ताट सरकवलं आणि दुसरा रोट मागून घेतला.